डावीकडचे साडेचार मीटर

२९ नोव्हेंबर २०१३, शुक्रवारची संध्याकाळ. लंडनच्या साउथवार्क भागात ब्लॅकफ्रायर्स रोडवर शहराच्या वाहतुकीचा कारभार पाहणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या संस्थेची इमारत आहे. कचेऱ्या सुटायच्या वेळेला हजाराच्या घरात माणसे तिच्यासमोर जमली. त्यांनी सायकली रस्त्यावर आडव्या टाकल्या आणि शेजारी थंडगार डांबरावर स्वतःही आडवी झाली. मेणबत्त्या पेटल्या, मृतांची नावे वाचली गेली. त्याच महिन्यात ५ ते १८ तारखांच्या दरम्यान, म्हणजे अवघ्या चौदा दिवसांत, लंडनमध्ये सहा सायकलस्वारांचा जीव गेला होता. तिघे लॉरीखाली गेले, बाकीचे बस आणि कोचच्या धडकेत.

शहर हादरले ते आकड्याने, आणि त्याहून अधिक त्या आकड्यामागच्या जुन्या ओळखीने. कारण हे नवे काही नव्हते. २०११ मध्ये लंडनमध्ये सोळा सायकलस्वार मेले, त्यांतल्या नऊ मृत्यूंत अवजड मालवाहू गाडी होती आणि त्या नऊपैकी सात गाड्या बांधकामाच्या होत्या: खडी-मातीचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर. २००९ मध्ये तेरा सायकलस्वार गेले, त्यांत दहा स्त्रिया होत्या आणि आठ जणी लॉरीखाली गेल्या होत्या. वर्ष बदलत होते, चौक बदलत होते. प्रसंग मात्र बहुधा तोच: सिग्नलला लॉरी उभी, तिच्या डाव्या अंगाला सायकल, हिरवा दिवा, लॉरी डावीकडे वळते आणि सायकल तिच्या पोटाखाली जाते. चौकशीत चालकाचे वाक्यही बहुतेक वेळा तेच असे: मला दिसलेच नाही.

पुष्कळदा ते खरे होते. ‘कोणी पाहिले नाही?’ हा प्रश्न सोडून ‘दिसत का नव्हते?’ हा प्रश्न विचारायला लंडनला जवळपास तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांची ही हकिगत.

आधी गाडीचा घाट समजून घ्यायला हवा. युरोपात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून गाडीची एकूण लांबी साडेसोळा मीटरच्या आत असावी असा नियम आहे. मापात केबिनही धरली जाते, म्हणून केबिन जितकी लांब तितका माल कमी. यावर कारखानदारांनी सरळ तोडगा काढला: केबिन इंजिनाच्या पुढे किंवा मागे न ठेवता थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवायची आणि तोंड भिंतीसारखे सपाट करायचे. अमेरिकेत मोजमाप मुख्यतः ट्रेलरचे होते, म्हणून तिकडच्या ट्रकला लांब नाक राहिले. युरोपातला चालक मात्र इंजिनावर चढून बसला. त्याचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास गेले. महामार्गावर त्याला मैलभर पुढचे दिसू लागले आणि अगदी बंपरला टेकून उभा असलेला माणूस दिसेनासा झाला.

बांधकामाच्या गाड्यांची गत याहून वाईट. कचरा-डेपोच्या चिखलात आणि खाणीच्या खडकांत पोट घासू नये म्हणून त्यांचा सांगाडा आणखी उंच केलेला असतो. त्यांचा बराचसा दिवस मात्र जातो शहराच्या गुळगुळीत डांबरावर. ब्रिटनमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे सायकल ज्या बाजूला असते, त्या बाजूची खिडकी चालकापासून सर्वांत दूर आणि तिची खालची कड त्याच्या डोळ्यांच्या मानाने फार वर. त्यात भर वळणाची. लांब गाडी डावीकडे वळताना आधी थोडी उजवीकडे झुकते, मग वळते, आणि मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून कोपरा कापत येतात. सायकलस्वाराला वाटते, गाडी उजवीकडे चालली, मला वाट मोकळी झाली. पुढच्या दोन-तीन सेकंदांत ती वाट बंद होते.

यावरचा पहिला उपाय लोखंडी होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने पुढच्या आणि मागच्या चाकांमधली मोकळी जागा झाकणारे आडवे कठडे सक्तीचे केले. १ मे १९८३ नंतर बनलेले ट्रेलर आणि १ एप्रिल १९८४ नंतर रस्त्यावर आलेल्या साडेतीन टनांवरच्या गाड्या यांना तो नियम लागू झाला. कल्पना साधी: धक्का बसलाच तर माणूस चाकाखाली खेचला न जाता बाहेर फेकला जावा. पुढे झालेल्या अभ्यासांत फरक स्पष्ट दिसला. शेजारून जाणाऱ्या ट्रकची बाजू लागून होणाऱ्या अपघातांत सायकलस्वारांचे मृत्यू ६१ टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांचे २० टक्क्यांनी घटले.

पण नियमाला भोक होते. डंपर, कचरागाड्या आणि अशाच काही गाड्यांना सूट दिली गेली, कारण खडबडीत जागेवर कठडे अडकतील अशी भीती होती. म्हणजे शहराच्या गल्लीबोळांत सर्वाधिक फिरणाऱ्या गाड्याच उघड्या राहिल्या. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खाण होती, चौक नव्हता. पुढची तीस वर्षे लंडनमध्ये टोलेजंग इमारती उठत राहिल्या आणि त्यांचे काँक्रीट या सवलतीच्या गाड्यांतून येत राहिले.

२००० साली अशाच एका काँक्रीट मिक्सरखाली, सायकलवरून कामाला जाणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी गेली. तिची आई सिंथिया बार्लो. शोकाला वाट काढायचे नेहमीचे मार्ग त्यांनी धरलेच, पण एक वेगळाही धरला. ज्या कंपनीचा तो मिक्सर होता, तिचे थोडे शेअर त्यांनी विकत घेतले. भागधारकाला वार्षिक सभेत उभे राहून बोलण्याचा हक्क असतो. तो बजावायला त्या सभेला गेल्या आणि नफ्या-तोट्याच्या हिशेबाला आलेल्या मंडळींपुढे त्यांनी विचारले, की आपल्या गाड्यांच्या डाव्या बाजूला काय चालले आहे हे चालकाला कळावे म्हणून आपण काय करणार आहोत? ‘तुम्ही’ नव्हे, ‘आपण’. हा पवित्रा कंपनीला टाळता आला नाही. ताफ्यातल्या गाड्यांवर जादा आरसे, सेन्सर आणि इशारा देणारी यंत्रे बसू लागली. पुढे ही कंपनी सेमेक्स या मेक्सिकन उद्योगसमूहाने घेतली आणि ते काम चालू राहिले. बार्लो रस्त्यावरील मृतांच्या नातलगांसाठी काम करणाऱ्या ‘रोडपीस’ या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. कायद्याने सूट दिलेली गोष्ट मालकाच्या मनात आले तर लगेच होऊ शकते, हे या एका आईने दाखवून दिले.

सरकारी पातळीवर मात्र तो काळ आरशांचा होता. नेदरलँड्सने या शतकाच्या सुरुवातीलाच ट्रकच्या उजव्या बाजूचा आंधळा कोपरा दाखवणारा जादा आरसा सक्तीचा केला. सुरुवातीला मृत्यू झपाट्याने घटले, सगळ्यांना हायसे वाटले, आणि मग आकडा पुन्हा वर चढला. आरसा होता, पण दर वेळी त्यात पाहिले जात होते असे नाही. तरी युरोपीय संघाने २००३ मध्ये आरशांचा नवा निर्देश काढला आणि २००७ मध्ये जुन्या गाड्यांनाही ते बसवायला लावले. या वाटेने चालकापुढे सहा आरसे जमा झाले: दोन मुख्य, दोन रुंद, एक डाव्या दाराखालचे दाखवणारा, एक बंपरसमोरचे दाखवणारा. शिवाय समोरची काच, दोन्ही खिडक्या, सिग्नल, पादचारी आणि मागून वाजणारे हॉर्न. सहाही आरसे पाहून होईपर्यंत पहिल्या आरशातले चित्र शिळे झालेले असते.

आपल्याकडच्या ट्रकमध्ये डाव्या खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून दारावर थाप मारणारा क्लीनर असतो. ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणणारा तो जिवंत सातवा आरसाच. लंडनचा लॉरीचालक केबिनमध्ये एकटा.

या एकट्या चालकाच्या जागेवरून जग कसे दिसते, हे लोकांना दाखवायचा एक चांगला उपक्रम लंडनच्या पोलिसांनी काढला होता. चौकात लॉरी उभी करायची, सायकलस्वारांना वर बोलावून चालकाच्या आसनावर बसवायचे आणि विचारायचे, बाहेर पोलीस सायकल घेऊन उभा आहे, दिसतो का? दिसत नसे. लोक खाली उतरत ते उतरलेल्या चेहऱ्याने. उपक्रम प्रामाणिक होता, पण त्याचा निष्कर्ष सोयीचा काढला जाई: सायकलवाल्यांनो, तुम्हीच सांभाळा. ज्या गाडीतून शेजारी उभा असलेला माणूस दिसत नाही ती शहरात चालवू का द्यायची, हे कोणी विचारत नव्हते. २०१३ च्या सुमारास लॉऱ्या-बसगाड्यांच्या पाठीवर ‘सायकलस्वारांनो, मागे राहा’ अशा अर्थाची चिकटपत्रे झळकली, तेव्हा सायकलस्वारांच्या संघटना भडकल्या. रस्ता सर्वांचा असताना हुकूम एकालाच का? २०१४ मध्ये मजकूर बदलावा लागला आणि आंधळ्या कोपऱ्याची सूचना देणारी सौम्य भाषा आली.

तोवर हवा तापलीच होती. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘द टाइम्स’ची एक तरुण वार्ताहर कचेरीच्या अगदी जवळ लॉरीखाली सापडून गंभीर जखमी झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या वृत्तपत्राने सायकलींना अनुकूल शहरांसाठी मोहीम उघडली. तिच्या आठ मागण्यांतली पहिलीच लॉऱ्यांबद्दल होती: शहराच्या मध्यभागी येणाऱ्या ट्रकवर सेन्सर, वळताना बोलणारा भोंगा, जादा आरसे आणि कठडे कायद्याने सक्तीचे करा. एरवी सत्ताधाऱ्यांच्या टेबलावर वाचले जाणारे वृत्तपत्र हे मागत होते, म्हणून ते ऐकलेही गेले.

दुसरीकडे अधिक शांतपणे एक काम चालले होते. क्रॉसरेल या प्रचंड भुयारी रेल्वेच्या ठेकेदारांना अट घालण्यात आली होती, की तुमच्या लॉऱ्यांना कठडे, आरसे, सेन्सर नसतील तर त्या आमच्या फाटकातून आत येणार नाहीत आणि चालकांनी प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. २०१३ च्या अखेरीस बांधकाम-उद्योगाने याच धर्तीवर ‘क्लॉक्स’ नावाचे सामाईक मानक स्वीकारले. त्यातली एक बाब फार उपयोगाची ठरली. बांधकामाच्या जागेवरची जमीन कशी आहे ते आधी तपासायचे, आणि ती बरी असेल तर उंच डंपरऐवजी बुटकी गाडी बोलवायची. पुष्कळ ठिकाणी जमीन बरीच निघाली. इतकी वर्षे उंच गाड्या येत होत्या त्या गरजेपेक्षा सवयीने.

१ सप्टेंबर २०१५ पासून लंडनमध्ये साडेतीन टनांवरच्या प्रत्येक गाडीला कठडे आणि दोन विशेष आरसे बंधनकारक झाले. तीस वर्षांपूर्वी ठेवलेले भोक निदान एका शहरापुरते बुजले. योगायोग असा, की त्याच वर्षी महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. आमची बंदी आवाजासाठी होती. मागच्याने हॉर्न वाजवून आपले अस्तित्व कळवायचे, या समजुतीला मात्र तिने फारसा धक्का लावला नाही.

कठडे माणसाला चाकापासून दूर ठेवतात, पण मुळात धडकच होऊ नये यासाठी दिसायला हवे. इथे हकिगतीत लफबरो विद्यापीठ येते. तिथल्या डिझाइन विभागातल्या संशोधकांनी संगणकावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबिन उभ्या केल्या आणि चालकाच्या डोळ्यांतून किती अवकाश दिसतो ते मोजले. २०११ च्या सुमारास त्यांनी ब्रिटिश सरकारला दाखवून दिले, की काचेतून जे दिसते आणि आरशात जे दिसते त्यांच्या मधोमध एक पट्टा असा राहतो जो कशातच दिसत नाही, आणि सायकलस्वार मरतो तो नेमका तिथे. त्यावरून डाव्या दाराजवळच्या आरशाचा आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि त्याने दाखवायची रुंदी दोन मीटरवरून साडेचार मीटर झाली. त्यांच्या मोजणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकच काम करणाऱ्या दोन कंपन्यांच्या गाड्यांमध्ये आंधळा कोपरा कमालीचा वेगळा होता. म्हणजे तो अटळ नव्हता. कुणीतरी आराखड्याच्या टेबलावर तो ठरवला होता.

लंडन सायकलिंग कॅम्पेन ही संघटनाही याच सुमारास बुटक्या केबिनची, मोठ्या काचेची शहरी लॉरी मागत होती. अशी गाडी कल्पनेतली नव्हती. मर्सिडीझची इकॉनिक ही बुटकी, काचेरी केबिन कचरागाड्यांसाठी वर्षानुवर्षे विकली जात होती. कचरा उचलणारे कामगार दिवसातून असंख्य वेळा चढतात-उतरतात, म्हणून पायरी बुटकी. त्या बुटक्या पायरीने चालकाचे डोळे आपोआप पादचाऱ्याच्या पातळीला आणले.

सप्टेंबर २०१६ मध्ये महापौर सादिक खान यांनी धोरण जाहीर केले: चालकाला काचेतून थेट किती दिसते यावर प्रत्येक लॉरीला शून्य ते पाच तारे द्यायचे आणि सर्वांत आंधळ्या गाड्यांना हळूहळू शहराबाहेर काढायचे. तेव्हाच्या अंदाजाने शून्य ताऱ्यांच्या सुमारे ३५,००० गाड्या लंडनमध्ये फिरत होत्या. मोजणीची पद्धत लफबरोनेच तयार केली. मालवाहतूकदारांच्या संघटना खवळल्या. लंडनचे दूध, विटा, औषधे आम्हीच आणतो आणि खलनायकही आम्हीच, हा त्यांचा सूर होता. तक्रारीत तथ्यही होते: गाडी घेताना मालकाला निवडीला वाव कमी असतो, कारखानदार देईल ते घ्यावे लागते. आरसे-कॅमेरे लावले की काम भागते, मग काचेचा आग्रह कशाला, असाही एक मुद्दा होता.

त्याला उत्तर लीड्स विद्यापीठातल्या प्रयोगाने दिले. कृत्रिम केबिनमध्ये चालकांना बसवून पाहिले, तेव्हा काचेतून थेट दिसलेल्या माणसाला चालक जितक्या लवकर प्रतिसाद देतो, त्यापेक्षा आरशात किंवा पडद्यावर दिसलेल्याला सरासरी ०.७ सेकंद उशिरा देतो असे आढळले. ताशी पंधरा मैल वेगाने जाणारी लॉरी तेवढ्या वेळात जवळपास ४.७ मीटर पुढे सरकते. डाव्या अंगाला आरशाने दाखवायची रुंदी साडेचार मीटर, आणि आरशात पाहिल्याने होणाऱ्या उशिरात कापले जाणारे जादा अंतर त्याहून किंचित जास्त. शिवाय काचेतून डोळ्याला डोळा भिडतो. चालक आपल्याला पाहतो आहे की नाही, हे पादचाऱ्याला कळते. आरसा ते सांगत नाही.

धोरणाची अंमलबजावणी कोरोनामुळे लांबली आणि १ मार्च २०२१ पासून सुरू झाली. बारा टनांवरच्या प्रत्येक गाडीला परवाना लागू लागला. शून्य ताऱ्यांच्या गाडीला कठडे, आरसे, डावीकडचा कॅमेरा, सेन्सर आणि ‘ही गाडी डावीकडे वळत आहे’ असे सांगणारा भोंगा बसवल्याशिवाय तो मिळेना. विनापरवाना आलेल्या गाडीला ५५० पौंड दंड. २८ ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे लागतात, नाहीतर आणखी कडक साधने. २०१५ ते २०१७ या काळात लंडनमधल्या एकूण वाहन-मैलांत अवजड गाड्यांचा वाटा फक्त चार टक्के होता, पण सायकलस्वारांच्या ६३ टक्के आणि पादचाऱ्यांच्या २५ टक्के मृत्यूंत त्या होत्या. नियम आल्यावर, चालकाला न दिसणे हे ज्यात एक कारण मानले गेले असे जीवघेणे अपघात २०१८ मधल्या बारावरून २०२१ मध्ये सहावर आले, असे लंडनच्या वाहतूक संस्थेने नोंदवले. कोरोनाच्या काळात रस्ते ओस होते हे धरले तरी दिशा लक्षात येते.

बाजारही हलला. केबिन सपाट का राहिली याचे मूळ लांबीच्या नियमात होते, आणि तो नियम युरोपीय संघाने २०१५ मध्येच सैल केला होता: नाक गोलसर आणि काच मोठी करणार असाल तर थोडी लांबी जास्त घ्या. कारखानदारांना मुदत हवी होती, म्हणून प्रत्यक्ष मुभा २०२० मध्ये मिळाली. २०२१ मध्ये डाफ या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने त्या मुभेचा फायदा घेऊन नव्या केबिन बाजारात आणल्या. २०१९ च्या युरोपीय सुरक्षा-नियमाने आंधळ्या कोपऱ्याचा इशारा आणि गाडी हलताना समोर माणूस असल्याचा इशारा २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीचा केला. थेट दृष्टीची अट नव्या मॉडेलना २०२६ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना २०२९ पासून. एका शहराने सुरू केलेले मोजमाप असे एका खंडाच्या कायद्यात उतरले.

भारतातही वाहन डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो. लंडनच्या चौकातली भूमिती जशीच्या तशी आपली आहे. फक्त सायकलच्या जागी बहुधा दुचाकी असते आणि पदपथाच्या जागी बहुधा काहीच नसते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी सुमारे ३२,८०० होते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने ट्रक-बससाठी आंधळ्या कोपऱ्याचा इशारा आणि गाडी हलतानाचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. अशा मानकांचे काम पुण्यातल्या ‘एआरएआय’ या संस्थेत होते. जे शहर एके काळी सायकलींचे म्हणून ओळखले जाई, त्याच शहराच्या टेकडीवर डंपरला माणूस दिसावा यासाठीचे नियम लिहिले जातात.

पण मसुद्यातले इशारे नव्या गाड्यांसाठी आहेत. आज हिंजवडीला काँक्रीट नेणारा मिक्सर आणखी बरीच वर्षे चालेल आणि त्याच्या डाव्या खिडकीतला क्लीनरही हळूहळू कमी होत जाईल. लंडनचा अनुभव इथेच कामाला येतो. तिथे बदल आधी संसदेतून आला नाही. एका भागधारक आईने तो सभेत मागितला, रेल्वेच्या ठेक्यात तो अट म्हणून घुसला, मग शहराच्या परवान्यात आला, आणि खंडाच्या कायद्यात सर्वांत शेवटी. मेट्रोचे खांब, उड्डाणपूल, नदीकाठचे रस्ते यांची हजारो कोटींची कामे आपल्या महापालिका आणि प्राधिकरणे देतात. त्यांच्या फाटकातून कोणता डंपर आत येईल हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच आहे. निविदेत एक अट घालायला संसदेची मंजुरी लागत नाही.